'ताई'पासून सुरू झालेल्या प्रतिक्रियेला उत्तर

'एक वाचक' यांस,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली, आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवून दुपारी लिहायला बसले.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'मशीन लावलं आणि साखर उतरली' या माझ्या लेखावर या वाचकांचं म्हणणं असं: सीपॅपने, म्हणजे झोपेत श्वास अडू नये (या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात) म्हणून रात्री मास्कने लावायच्या मशीनने, साखर उतरते हे चाचण्यांत टिकलेलं नाही. त्याच सुमारास गोळ्या बदलल्या असतील तर श्रेय मशीनला कसं? आता वजन उतरवणारं इंजेक्शन आलंय, ही खोकी विसरा. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: 'ताई, मिस्टरांचं घोरणं थांबल्याने तुमची झोप सुधारली, त्यांची साखर नव्हे.'

आधी माझी चूक. श्वास वीस सेकंद थांबला तरच मोजतात, असं मी लिहिलं होतं. दहा सेकंद हवं होतं. दुरुस्त केलंय. तुम्ही दाखवून दिलंत, आभार. त्यासाठी तीन उद्गारचिन्हं लागत नाहीत, पण असो.

आता त्या वाक्याकडे येते. मला ताई म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मला ते आवडतं. पण तुमची 'ताई' मला गप्प बसवण्यासाठी आहे, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. मधुमेह घरात येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं मी रात्री काय करत होते ते ऐका.

उशाशी रेडियमच्या काट्यांचं घड्याळ होतं. यांचं घोरणं चालू असे तोवर मला झोप लागलेली असायची. थांबलं की जाग यायची. आवाज बंद झाला म्हणून दचकून उठणं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मग काट्यावर नजर. दहा, वीस, पस्तीस. मी कोपराने ढोसलं की एक मोठा आचका, पलंग हलायचा, आणि पुन्हा सुरू. पुढे स्लीप स्टडी झाली तेव्हा तासाला ४१ आकडा आला. तिसाच्या वर गेला की तीव्र म्हणतात. ४१ म्हणजे जवळजवळ दर दीड मिनिटाला एकदा श्वास अडतोय किंवा उथळ होतोय. तुम्ही ज्याला 'घोरणं' म्हणून सोडून देता ते हे.

आणखी एक, जे लेखात राहून गेलं. हे रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे. मधुमेहाच्या घरात याचा आळ कुणावर येणार ते ठरलेलं असतं: साखर. दुपारी खुर्चीत मान पडली, साखर. सकाळी डोकं जड, साखर. आम्ही पथ्य आवळत गेलो, गोळी वाढवत गेलो. कुणी विचारलंच नाही की झोपेत हे गुदमरतात का? खरं तर श्वास कोंडला की बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते, त्याचा ताण हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर येतो, आणि तिथून निघणाऱ्या संप्रेरकामुळे मूत्रपिंड जास्त लघवी तयार करतं. मशीन लागल्यावर पहिल्याच आठवड्यात चाराचं एकावर आलं. बीपी सुधारलं. गाडी चालवताना सिग्नलला डुलकी घेणारा माणूस जागा राहायला लागला. यातलं काय माझ्या झोपेत धरायचं ते तुम्हीच सांगा.

चाचण्या मलाही वाचता येतात. २००७ साली ४२ पुरुषांवर झालेली चाचणी तुम्ही सांगता. तीन महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, हललं नाही, मान्य. पण त्यात मास्क रात्री सरासरी चार तासही लावला गेला नव्हता. २०१६ च्या एका चाचणीत, ५० जणांच्या, सहा महिन्यांनी ०.४ ने उतरलं, ती तुम्ही सोईने गाळलीत. त्याच वर्षी जवळपास तीनशे जणांच्या मोठ्या चाचणीत काही फरक दिसला नाही, तेही वाचलंय. त्यावर माझं म्हणणं एवढंच की सरासरी ही सरासरी असते. सुरुवातीचे दोन महिने हेसुद्धा पहाटे तीनला मास्क ओढून उशीखाली सारायचे. गालावर पट्ट्यांचे वळ, नाकाशी फुस्स करून हवा सुटतेय, चिडचिड. आणि स्वप्नांची झोप मुख्यतः पहाटेकडेच असते, घसा तेव्हाच सगळ्यात सैल. म्हणजे मशीन नेमकं गरजेच्या वेळी उशीखाली.

गोळीबद्दल. हो, बदलली होती, मशीनच्या तीन आठवडे आधी. लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे, वाचलं असतंत तर दिसलं असतं. त्याआधीही दोनदा बदलली होती आणि यांचं एचबीए१सी ८.६ वरून हललं नव्हतं. या खेपेला ७.७ आलं. मला एवढं पुरतं.

इंजेक्शनचा मुद्दा मात्र तुम्ही जरा जपून मांडायला हवा होता. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला स्लीप ॲप्नियासाठी मान्यता मिळाली, लठ्ठपणा असलेल्यांसाठी. ज्या चाचण्यांवर ती मिळाली त्यांत मधुमेही घेतलेच नव्हते. माझा लेख कुणावर होता? मधुमेह्यांवर. वजन उतरलं की ॲप्निया कमी होतो हे खरंच आहे, आणि ते औषध मधुमेहावर आधीपासून दिलं जातंच. पण पुरावा-पुरावा करत आलात म्हणून म्हटलं. आणि वजन उतरेपर्यंत रोज रात्री काय करायचं? काटा बघत बसायचं? ते 'खोकं' नुसत्या हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं, १९८१ पासून. मी ते विकत नाही, तेही इथेच सांगते, कारण तुमच्या शेवटच्या ओळीत तसा वास आला.

लेख काढणार नाही. शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह टाकलंय, ते तुमच्यामुळे नाही. तुमची प्रतिक्रिया जेवताना यांना वाचून दाखवली. पाणी पिऊन झाल्यावर हे म्हणाले, "गोळीचं बरोबर बोलतोय तो माणूस."