‘मग बाबासाहेबांनी लिहिलं काय?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की निम्मं तर बरोबरच आहे. ‘बाबासाहेबांनी घटना लिहिली’ असं एका वाक्यात लिहून मी मोकळी झाले होते. त्यावर तुम्ही म्हणता की पहिला मसुदा बी. एन. रावांचा, बराचसा मजकूर इंग्रजांच्या 1935च्या भारत सरकार कायद्यातला, आंबेडकर नुसते मसुदा समितीचे अध्यक्ष. आणि 1953 साली राज्यसभेत त्यांनी स्वतःच आपण सांगकामे होतो असं कबूल केलं. शेवटी तुमचा प्रश्न : मग त्यांनी लिहिलं काय?

रावांबद्दलची चूक मान्य. बेनेगल नरसिंग राव हे घटना समितीचे, म्हणजे घटना बनवणाऱ्या सभागृहाचे, सल्लागार. सभासद नव्हते, त्यामुळे त्यांना मतही नव्हतं. वेगवेगळ्या समित्यांनी आणि सभागृहाने तोवर जे ठरवलं होतं, ते कायद्याच्या भाषेत बसवून त्यांनी ऑक्टोबर 1947 मध्ये 243 कलमांचा आणि 13 परिशिष्टांचा कच्चा मसुदा तयार केला. हे मी लेखात सांगायला हवं होतं. पण ही काही दडवून ठेवलेली गोष्ट नाही. 25 नोव्हेंबर 1949च्या भाषणात बाबासाहेबांनीच भर सभागृहात सांगितलं, की मला दिलं जाणारं श्रेय खरं तर माझं नाही. त्यातलं काही रावांचं, काही मसुदा समितीतल्या सहकाऱ्यांचं, आणि त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जींचा. कितीही गुंतागुंतीचा प्रस्ताव असो, तो सोप्या आणि स्वच्छ कायदेशीर शब्दांत मांडण्याची मुखर्जींची हातोटी त्यांनी मुद्दाम नोंदवली. मुखर्जींचं नाव माझ्या लेखात नव्हतं, तुमच्या प्रतिक्रियेतही नाही. तेव्हा इथे आपण दोघंही सारखेच.

आता ‘नुसते अध्यक्ष’. रावांची 243 कलमं मसुदा समितीकडून बाहेर पडली तेव्हा 315 झाली होती, आणि शेवटी 395. सभासदांनी 7,635 दुरुस्त्या दिल्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुदा समितीची अवस्था काय होती हे घटना समितीचे एक सभासद टी. टी. कृष्णमाचारी यांनी 5 नोव्हेंबर 1948 रोजी सभागृहाला सांगितलं : सातांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानी कारभारात अडकलेले, एक-दोघं दिल्लीपासून दूर आणि बहुधा तब्येतीमुळे येऊ न शकलेले. सगळा भार एकट्या आंबेडकरांवर येऊन पडला. हे सांगणारे कृष्णमाचारी आंबेडकरांचे कोणी अनुयायी नव्हते, हेही लक्षात घ्या.

पण आकड्यांनी तुमचं समाधान होणार नाही, म्हणून एकच वाक्य घेऊ. आजचं कलम 21, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. एप्रिल 1947 मध्ये सभागृहाने हा हक्क मान्य केला तेव्हा त्यात ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ (रीतसर आणि न्याय्य कायदेशीर प्रक्रिया) हे अमेरिकी शब्द होते. पुढे राव अमेरिकेला गेले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितलं, की या शब्दांमुळे लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचे कायदे मोडीत काढायची सत्ता न्यायाधीशांच्या हाती जाते. हे लोकशाहीला धरून नाही आणि न्यायालयांवरही त्याचं ओझं पडतं. रावांना ते पटलं. फेब्रुवारी 1948च्या मसुद्यात ते शब्द गेले आणि त्या जागी जपानच्या नव्या घटनेच्या धर्तीवर ‘कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती’ आली. म्हणजे बदल रावांच्या सल्ल्यावरून, हे तुमच्या बाजूचं.

पुढचं ऐका. डिसेंबर 1948 मध्ये यावर सभागृहात कडाक्याचं भांडण झालं. मसुदा समितीतलेच कन्हैयालाल मुन्शी जुन्या शब्दांच्या बाजूने उभे राहिले. 13 तारखेला बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोडला. जुने शब्द हरले. विषय तिथे संपला असता. पण 15 सप्टेंबर 1949 रोजी बाबासाहेब एक नवं कलम घेऊन आले : अटक झालेल्याला कारण सांगायचं, त्याला वकील करू द्यायचा, 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. आधीच्या कलमाने लोक नाराज आहेत, संसदेला मोकळं रान मिळाल्यासारखं झालंय, त्याची ही भरपाई, असा त्यांचा सूर होता. तेच आजचं कलम 22. त्यातच विनाचौकशी स्थानबद्धतेची तरतूदही आली आणि त्यावरून त्यांना भरपूर ऐकावंही लागलं. ही ओळ लिहिली कोणी, हे आता तुम्हीच ठरवा. शब्द काढायला लावणारे राव होते. ते काढल्यावर पडलेलं भोक कोणी दाखवलं आणि ठिगळ कोणी लावलं, हे मात्र स्पष्ट आहे.

1935च्या कायद्याचं थोडक्यात. ‘होय, घेतलंय; त्याबद्दल माफी मागणार नाही, घटनेच्या मूलतत्त्वांवर कोणाचं पेटंट नसतं,’ अशा अर्थाचं उत्तर बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 लाच दिलंय. घेतलेला भाग मुख्यतः कारभाराच्या तपशिलांचा आहे. मूलभूत हक्कांचं प्रकरण, प्रौढ मताधिकार, अस्पृश्यता नष्ट करणारं कलम 17, यांतलं त्या कायद्यात काय होतं ते दाखवा.

राहिलं 1953. आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना, अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी राज्यपालांना अधिकार द्यावेत या मुद्द्यावर ते चिडून आपण सांगकामे होतो असं बोलले हे खरं. ‘ही घटना जाळणारा पहिला मी असेन’ हेही तेव्हाचंच. 1955 मध्ये त्यांनी त्याचा खुलासा केला : देवासाठी देऊळ बांधलं आणि देव बसायच्या आधीच सैतानाने ते बळकावलं, तर देऊळ पाडण्याशिवाय काय करणार? तुम्ही 1953चं बोलणं दिलंत, 1955चं गाळलंत.

तरीही ‘सांगकाम्या’ मला पूर्ण खोटं वाटत नाही. 1947 साली त्यांनी घटना समितीपुढे ठेवायला जे निवेदन लिहिलं होतं, त्यात महत्त्वाचे उद्योग आणि शेतजमीन सरकारच्या मालकीची, दलितांना स्वतंत्र मतदारसंघ, असं बरंच काही होतं. त्यातलं फार थोडं घटनेत आलं. स्वतःला न पटलेली कलमंही त्यांनी सभागृहात उभं राहून लढवली. भांडायचं तर यावर भांडू या, मजा येईल.

लेखात आजच दुरुस्ती केली आहे : राव आणि मुखर्जी यांच्यावर एकेक परिच्छेद घातलाय. ‘लिहिली’च्या जागी ‘घडवली’ करून पाहिलं, पण ते निवडणुकीच्या फ्लेक्ससारखं वाटायला लागलं, म्हणून ‘मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून तडीस नेली’ असं केलंय. आणि एक चूक तुमच्या नजरेतून सुटली. घटना व्हायला ‘दोन वर्षं, अकरा महिने, अठरा दिवस’ लागले असं मी लिहिलं होतं. 25 नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी सतरा म्हटलंय. 9 डिसेंबर 1946 हा पहिला दिवस आणि 26 नोव्हेंबर 1949 हा घटना मंजूर झाल्याचा दिवस, दोन्ही मोजले की अठरा होतात. शाळेत गुरुजींनी अठराच घोकून घेतलंय, तेव्हा ते तसंच ठेवते.