पीएसए चारच्या वर, म्हणजे कॅन्सरच?

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘पन्नाशीनंतर पीएसए हार्मोन तपासा. चारच्या वर म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर, खाली म्हणजे निर्धास्त. टेस्टोस्टेरॉन जास्त असेल तर धोका जास्त.’ रामबागेतल्या माझ्या काकांनी तो वाचला तेव्हा त्यांच्या हातात स्वतःचा रिपोर्ट होता, ठळक अक्षरांत 6.8. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणून हे लिहितेय.

पीएसए हार्मोनच नाही. पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं ते प्रथिन आहे, वीर्य पातळ ठेवतं, आणि त्यातलं थोडं रक्तात उतरतं. ग्रंथीला सूज आली, इन्फेक्शन झालं, वयामुळे ती वाढली, लघवीसाठी नळी घातली, तरी ते जास्त उतरतं. काकांना खोदून विचारलं तेव्हा कळलं, आठवडाभर लघवीला जळजळ होत होती आणि लाजेपोटी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू निघाले. औषधांचा कोर्स झाला, सात आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं: 2.4.

आकडा चार ते दहाच्या मध्ये असला, तरी बायोप्सीत, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून केलेल्या तपासणीत, साधारण चारांतल्या एकालाच कॅन्सर सापडतो. दहाच्या पुढे मात्र शक्यता निम्म्याहून वर जाते, तिथे चालढकल नको.

‘खाली म्हणजे निर्धास्त’ हे मला सगळ्यांत घातक वाटतं. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पीएसए कधीच चारच्या वर न गेलेल्या 2,950 पुरुषांची बायोप्सी केली, त्यांतल्या सुमारे 15 टक्क्यांना कॅन्सर निघाला. शिवाय प्रोस्टेट वाढल्यावर देतात ती फिनास्टेराइडची गोळी काही महिन्यांत हा आकडा जवळपास निम्मा करते. डॉक्टरांना ती सांगितलीच नाही, तर चांगला दिसणारा रिपोर्टही फसवतो.

टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हार्मोनचा, समज कुठून आला ते कळतं. ते कमी केलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं; 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ती उपचाराची गोष्ट झाली. 2008 मध्ये 18 अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि पुढे होणारा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही.

आकडा वाढलेला आला तर आधी लघवी तपासा, काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या, युरॉलॉजिस्टला दाखवा. गरज वाटली तर ते बायोप्सीआधी एमआरआय सांगतील. आणि वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, तर पन्नाशीची वाट न बघता पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोला.