दरवाजे उघडायचे कुणी?

पावसाळा आला की आमच्या सांगलीकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय असतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं, आणि खाली कर्नाटकात त्याच नदीवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची. केंब्रिजजवळ बसून मी दोन्ही वाचते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. आई-बाबा शेजारच्यांच्या माडीवर आणि मी इकडे रात्रभर फोन हातात धरून.

परवा इथल्या हाउटन गावची पाणचक्की पुन्हा पाहून आले. ग्रेट ऊझ नदीवरची ही लाकडी, उंच इमारत आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. पाण्याच्या चाकावर इथे अजून गहू दळतात. (पीठ घेतलं. पोळ्या जाड झाल्या, पण वास थेट आजीच्या जात्याचा.) दहाव्या शतकात ही चक्की रॅम्झीच्या मठाला मिळाली. मठाच्या कुळांनी दळण इथेच आणायचं, दुसरीकडे न्यायची सोय नाही. दळणाचं उत्पन्न अर्थातच मठाला.

मी मात्र जाते ती 1500 सालच्या भांडणासाठी. चक्कीला जोर मिळावा म्हणून पाणी अडवलेलं, आणि ते शिरलं गावात. गावकरी थेट मठाधिपतीशी भांडले. तब्बल पंधरा वर्षं! 1515 मध्ये निवाडा झाला: पूर आला तर गावकऱ्यांनी स्वतः पाणी सोडावं. पुढे चोवीसच वर्षांनी, 1539 मध्ये, आठव्या हेन्रीने तो मठच बंद केला.

आमच्याकडचा वाद अडलाय मीटरांवर. कर्नाटकला अलमट्टी 519.60 वरून 524.256 वर न्यायची आहे, धरणामागे पाणी फुगेल म्हणून महाराष्ट्राचा विरोध आहे. विरोध करावाच. पण 2019 च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीवर टाकला नव्हता. नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर मात्र बोट ठेवलं होतं. हे ग्रुपवर लिहिलं तर ‘तुला तिकडे बसून काय कळतंय’ असं उत्तर येतं. पूररेषेच्या आत प्लॉट घेतलेले काकाच ते लिहितात.

चक्कीचा बांध आणि अलमट्टी यांची तुलना होत नाही, हे मलाही कळतं. धरणाचे दरवाजे एका गावाच्या हाती देता येणार नाहीत. वरचं गाव वाचवताना खालचं बुडेल. आता हाउटनमध्येही नदीचं नियंत्रण सरकारी यंत्रणेकडेच आहे. पण कोयनेतून, वारणेतून, अलमट्टीतून किती पाणी कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत कृष्णाकाठचा, पुरात घर बुडालेला एखादा माणूस खुर्चीवर का नसावा? दोन्ही राज्यांचे अधिकारी एकमेकांना फोन करतात, आणि आम्हाला कळतं ते पुलावरच्या आकड्यावरून.

आत्ताच बाबांचा मेसेज आला: ‘38. वाढतंय. गाडी माळावर नेऊन लावली.’