पर्याय नावाचा एकच पेपर : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'एका विद्यार्थिनीचे वडील' एवढीच सही तुम्ही केली आहे, त्यामुळे नावानिशी हाक मारता येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : एम. एस्सी. गणिताला टोपोलॉजी (आकार आणि सलगपणा यांचं गणित) आणि मेझर थिअरी (लांबी, क्षेत्रफळ अशा मोजमापांचा पाया) सक्तीचीच असावी, हा माझा मागच्या लेखातला आग्रह म्हणजे पुण्यात बसून केलेली चैन आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलींना नोकरी हवी, तर हे पेपर ऐच्छिक करा आणि त्यांच्या जागी डेटा सायन्स आणा. शिवाय ऑन जॉब ट्रेनिंगची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर जाऊन केलेल्या कामाची, मी टिंगल केली, तीही तुम्हाला लागली.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. 'गणिताच्या पोरांनी चार क्रेडिटसाठी दुकानात बसून बिलं फाडायची का' हे वाक्य मी टाळ्यांसाठी लिहिलं होतं. तुमची मुलगी पतसंस्थेत गेली, थकीत कर्जांची यादी एक्सेलमध्ये लावून आली, आणि चक्रवाढ व्याज शाळेपासून येत असूनही कर्जाचा हप्ता कसा बसवतात हे तिला तिथे पहिल्यांदा कळलं. 120 तासांत एवढं पदरात पडलं असेल तर मी गप्प बसावं हे उत्तम. ते वाक्य काढून टाकतो. (माझी खरी तक्रार होती ती शिक्के मारून दिलेल्या खोट्या प्रमाणपत्रांबद्दल. पण ती लिहायची राहिली आणि विनोद तेवढा छापला गेला.)

आता सक्तीचं बघू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या एम. एस्सी.चा साचा 88 क्रेडिटचा आहे (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप), दर सेमिस्टरला 22. त्यात मुख्य विषयाचे सक्तीचे 54, ऐच्छिक 16, संशोधन पद्धतीचे 4, ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे 4 आणि दुसऱ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाचे 10. म्हणजे गणित असं वर्गात शिकायला 70 क्रेडिट उरतात. तुम्ही म्हणता, 54 मधले काही उचलून 16 मध्ये टाका, मुलांना निवड मिळेल.

मी शिकलो ते पुण्यात नव्हे, मराठवाड्यातल्या एका कॉलेजात. गणिताला कायम प्राध्यापक एक, बाकी दोघे तासिका तत्त्वावर, आणि त्यातले एक दिवाळीनंतर आलेच नाहीत. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत ऐच्छिक पेपरांची चांगली लांबलचक यादी होती. सर वर्गात आले आणि म्हणाले, "फॉर्मवर सगळ्यांनी ऑपरेशन्स रिसर्च लिहा." आम्ही लिहिलं. फंक्शनल अ‍ॅनालिसिस नावाचा विषय असतो, हे मला त्या पुस्तिकेतूनच कळलं. सरांना बोल लावत नाही. एकटा माणूस किती तास ओढणार?

माझा सगळा आग्रह त्या फॉर्ममधून आला आहे. मोठ्या विद्यापीठाच्या विभागात ऐच्छिक म्हणजे खरोखर निवड असते. तालुक्याला ऐच्छिक म्हणजे हजर असलेल्या सरांना जे येतं ते. पेपर सक्तीचा असला की कॉलेजला तो शिकवणारा माणूस कुठून तरी आणावाच लागतो, निदान प्राचार्यांकडे जाऊन भांडायला मुलांच्या हातात कागद असतो. ऐच्छिक झाला की तो शहरात टिकेल आणि तुमच्या गावात पहिल्याच वर्षी बंद पडेल.

तुमच्या मुलीला प्राध्यापक व्हायचंय, असं तुम्हीच लिहिलंय. मग नेटची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची, गणिताची प्रश्नपत्रिका एकदा बघा. 120 प्रश्नांतले 60 सोडवायचे, गुण 200. त्यातले 95 गुण एकट्या 'क' भागाचे : 20 प्रश्न, प्रत्येकी 4.75. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे बरोबर पर्याय धरले तरच गुण, नाहीतर शून्य. मेझर थिअरीचा गाभा असलेलं लेबेग मेझर तर पहिल्याच युनिटमध्ये आहे. हा पेपर कॉलेजात झालाच नाही तर ती तो कुठे शिकणार? क्लासला, पैसे भरून. म्हणजे भार पुन्हा तुमच्यावरच.

डेटा सायन्सशी माझं वैर नाही. पण 60 तासांत पायथनच्या पहिल्या ओळीपासून न्यूरल नेटवर्कपर्यंत धावणारा पेपर मी पाहिलाय, आणि त्यातून मुलांना दुसऱ्याचा कोड चालवता येतो, एवढंच. त्यामागचं गणित आपल्याच पेपरांत आहे. प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे ढीगभर आकड्यांतून मोजक्या महत्त्वाच्या दिशा शोधायची डेटा सायन्सची पद्धत, म्हणजे शेवटी एका सममित मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू आणि आयगेन व्हेक्टर काढणं. संभाव्यतेचा आजचा पाया कोल्मोगोरोव्ह यांनी 1933 मध्ये घातला, तो मेझर थिअरीवरच. लिनिअर अल्जेब्राला जोडून दोन क्रेडिटचं पायथनचं प्रात्यक्षिक ठेवा, मी सही करतो.

टोपोलॉजीबद्दल मात्र तुम्ही निम्मे बरोबर आहात. मुलीने युरिसोनच्या लेमाची (टोपोलॉजीतल्या एका प्रमेयाची) सिद्धता पाठ केली, पेपरात उतरवली आणि दुसऱ्या दिवशी विसरली, हे वाचून मला नवल वाटलं नाही. मीही तेच केलं होतं. माझ्या हातात असतं तर मी मेट्रिक स्पेसला महिनाभर जास्त दिला असता, कनेक्टेड आणि कॉम्पॅक्ट या दोन कल्पना हाडीमाशी मुरवल्या असत्या, प्रॉडक्ट टोपोलॉजीवर थांबलो असतो, आणि मेट्रायझेशनची प्रमेयं खुशाल ऐच्छिकात ढकलली असती. ती ऐच्छिकात गेली तर कुणाचं घर बुडत नाही.

तिच्यासाठी एक सुचवतो. एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) नावाचं गणिताचं उन्हाळी प्रशिक्षण 1993 पासून चालू आहे, प्रा. कुमारेसन यांनी सुरू केलेलं. एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षातल्या मुलांसाठीही त्यात वर्ग असतो. तिथे पाठ केलेलं चालत नाही, फळ्यापाशी उभं राहून 'का' सांगावं लागतं. तिला अर्ज करायला सांगा.

आणि आज रात्री जेवताना एवढंच विचारा : 0 ते 1 हा खुला अंतराल कॉम्पॅक्ट का नाही? उत्तर बरोबर की चूक, ते तुम्हाला कळायची गरज नाही. वही बंद आहे ना, तेवढं बघा. अडली तर तिलाच इथे लिहू दे, पुढची पोस्ट त्यावर लिहितो.