लढाई पाहिलेला सैनिक आपोआप शहाणा होतो का?

युद्धाच्या बातम्या येऊ लागल्या की एक मत हमखास फिरतं. प्रत्यक्ष लढलेला सैनिक क्षणात अचूक निर्णय घेतो, एकत्र लढलेल्या तुकडीला एकमेकांशी बोलावंही लागत नाही, त्यापुढे प्रशिक्षण म्हणजे नाटक, आणि आपण कुठे चुकतोय हे मुरलेल्या सैनिकाला कुणी सांगावं लागत नाही. या मतामागे लढणाऱ्यांविषयीचा आदर आहे आणि तो मलाही आहे. पण मत चुकीचं आहे आणि त्याची किंमत त्याच सैनिकांना मोजावी लागते. म्हणून एकेक दावा तपासू.

"अनुभवी सैनिक क्षणात अचूक निर्णय घेतो."

हे अर्धं खरं आहे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. त्यात अनुभवी अधिकारी पर्यायांची तुलना करत बसत नसल्याचं दिसलं. परिस्थिती ओळखीची वाटली की सुचलेली पहिली कृती ते मनातल्या मनात चालवून बघत आणि कामाला लागत. पण याच क्लाइन यांनी २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात दोन अटी मांडल्या: परिस्थितीत काही नियमितपणा हवा आणि आपल्या निर्णयाचं काय झालं हे माणसाला कळायला हवं. लढाईत या दोन्ही अटी सतत मोडतात. शत्रू डावपेच बदलतो. धुरात आणि गोंधळात कुणाच्या निर्णयाने काय झालं याचा पत्ता लागत नाही. चुकीचा निर्णय घेऊनही माणूस वाचतो, आणि वाचला म्हणून तो निर्णय त्याच्या मनात बरोबर ठरतो.

दुसऱ्या महायुद्धातलं, १९४४ चं फ्रान्समधलं नॉर्मंडी बघा. ब्रिटिशांनी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तावून निघालेली ७ वी आर्मर्ड (रणगाड्यांची) आणि ५१ वी हायलँड (पायदळाची) डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या दोन मोठ्या तुकड्या, मुद्दाम तिथे उतरवली. वाळवंटात मैलोन्‌मैल मोकळं दिसायचं. इथे झाडोऱ्याची दाट कुंपणं आणि अरुंद रस्ते होते, शत्रू अगदी जवळ येईपर्यंत दिसत नव्हता. दोन्ही डिव्हिजनांनी निराशा केली आणि ऑगस्ट संपण्याआधीच दोन्हींचे सेनानी बदलले गेले. याउलट ११ वी आर्मर्ड डिव्हिजन पहिल्यांदाच लढाईत उतरली होती, तरी मोहिमेअखेर तिचं नाव उत्तम डिव्हिजनांत घेतलं जाऊ लागलं. तिचे सेनानी पिप रॉबर्ट्स मात्र वाळवंटातच मुरलेले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. अनुभव त्यांच्याही उपयोगी पडलाच असणार. पण नॉर्मंडीतल्याच गुडवूडच्या लढाईत रणगाड्यांची मोठी हानी सोसल्यावर त्यांनी जुनी रचना मोडली आणि रणगाडे व पायदळ यांचे मिश्र गट बांधले. आपल्याला ठाऊक असलेलं इथे लागू पडत नाही हे ओळखणं हेही एक कौशल्य आहे, आणि ते नुसत्या लढाया मोजून येत नाही.

"एकत्र लढलेल्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं."

असतं, पण ते चित्र बरोबर आहे का? ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकी युद्धनौका व्हिन्सेन्सची इराणी नौकांशी चकमक चालू होती. त्याच वेळी इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं प्रवासी विमान आकाशात उंच चढत होतं, नौकेच्या यंत्रणेतली नोंदही तेच सांगत होती. पण 'हे एफ-१४ लढाऊ विमान असावं' ही शंका एकदा नियंत्रण कक्षात पसरली, आणि मग विमान खाली येत असल्याचं कक्षातून ओरडून सांगितलं जाऊ लागलं. विमान पाडलं गेलं, २९० माणसं गेली. तिथे सामायिक चित्राची वाण नव्हती. ते चुकीचं आहे असं ठामपणे म्हणून सगळ्यांना थांबवणारा आवाज तिथे नव्हता. या घटनेनंतर अमेरिकी नौदलाने ताणाखालच्या निर्णयांवर मोठा संशोधन प्रकल्प हाती घेतला. त्यातून रुजलेली पद्धत साधी आहे: सरावानंतर तुकडीने स्वतःच बसून कुणाला काय दिसलं, कुणी काय कळवलं आणि काय कळवायचं राहिलं हे उघडपणे बोलायचं. गोळीबारात हे बोलणं होत नाही. त्यासाठी वेळ काढून ठेवावा लागतो.

"प्रशिक्षण म्हणजे नाटक."

व्हिएतनामच्या आकाशात अमेरिकी नौदल आणि हवाई दल दोघेही लढत होते. १९६९ मध्ये फक्त नौदलाने हवाई लढतीची खास शाळा काढली. तिथे प्रत्येक सरावाची नंतर निर्दयपणे चिरफाड होई. गमावलेल्या एका विमानामागे पाडलेल्या शत्रूविमानांचं नौदलाचं प्रमाण आधी दोन-तीन होतं, ते युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात बाराच्या आसपास गेलं. हवाई दलाचं फारसं हललं नाही.

"आपण कुठे चुकतोय हे मुरलेल्याला कळतं."

हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. स्वतःच्या विचारावर लक्ष ठेवणं, आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे ओळखणं, याला मानसशास्त्रात मेटाकॉग्निशन म्हणतात. त्यासाठी काय घडलं ते नीट आठवावं लागतं, आणि तीव्र ताण या आठवणीवरच घाला घालतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी लष्करी प्रशिक्षणातल्या पाचशेहून अधिक जणांना, खोट्या कैदेत अर्धा तासाहून जास्त वेळ आपली उलटतपासणी घेणारा माणूस ओळखायला सांगितलं. कठोर तपासणी झालेल्यांपैकी कितीतरी जणांना तो ओळखता आला नाही. समोर बसलेल्या चेहऱ्याची ही गत असेल, तर रात्रीच्या चकमकीत कोण कुठे होतं या आठवणीवर किती भिस्त ठेवायची?

दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांबद्दल स्वँक आणि मार्शँड या डॉक्टरांनी १९४६ मध्ये जे लिहिलं, ते तर या दाव्याच्या थेट विरुद्ध आहे. त्यांच्या निरीक्षणानुसार सलग लढाईत सैनिक पहिल्या काही आठवड्यांत तरबेज होतो. त्यानंतर येतो तो फाजील आत्मविश्वासाचा काळ, मग चटकन भडकणं, आणि शेवटी पूर्ण थकवा. त्यांनी दिलेल्या दिवसांच्या आकड्यांवर पुढे आक्षेप घेतले गेले. पण क्रम विचार करायला लावणारा आहे: जिथे माणूस स्वतःला सगळ्यात मुरलेला समजतो, तिथून त्याची उतरण सुरू झालेली असू शकते आणि ती त्याला आतून दिसत नाही. म्हणून त्याला आघाडीवरून मागे कधी आणायचं हे त्याच्या "मी ठीक आहे" वर सोडता येणार नाही. ते त्याच्या अधिकाऱ्याने आणि डॉक्टरने ठरवायला हवं, तो नको म्हणत असला तरीही.