गढीला काँक्रीटच्या चऱ्या नकोत

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात ठरले की गावच्या गढीचा ढासळलेला दरवाजा आणि दोन्ही बुरूज सिमेंट-काँक्रीटमध्ये नव्याने उभे करायचे, वर चऱ्या, म्हणजे किल्ल्याच्या तटावर असतात तसे कंगोरे, काढायच्या आणि त्यासाठी घरटी वर्गणी गोळा करायची. मी नको म्हणालो, तेव्हा धाकट्या चुलतभावाने लिहिले, "दादा, इंग्रज आपले जुने वाडे कसे चकाचक ठेवतात ते तू रोज बघतोस, मग आमच्याच कामात आडवा का येतोस?" हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्यातला 'चकाचक' हा शब्दच खोटा आहे.

मी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात राहतो. इथल्या अ‍ॅक्टन बर्नेल गावात चर्चला लागून तांबड्या वालुकाश्माची एक पडकी वास्तू आहे. नावात कॅसल असले तरी मी तिला गढीच म्हणतो, कारण तो चार कोपऱ्यांना बुरूज काढलेला एका बड्या माणसाचा राहता वाडा होता. रॉबर्ट बर्नेल हा पहिल्या एडवर्ड राजाचा चॅन्सलर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारा बडा मंत्री, आणि बाथ व वेल्सचा बिशप. १२८३ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्सचा राजपुत्र डाविथ याला श्रूजबरीत देहान्ताची शिक्षा देऊन राजा बर्नेलच्या गावी आला. तिथे भरलेल्या पार्लमेंटमध्ये व्यापाऱ्यांच्या थकलेल्या उधारीचा कायदा झाला: कर्जाची नोंद लंडन, यॉर्क किंवा ब्रिस्टलच्या महापौरापुढे करायची आणि मुदत टळली तर ऋणकोचा माल विकून पैसे वसूल करायचे. १२८४ मध्ये बर्नेलला वाड्यावर चऱ्या काढण्याची राजाची परवानगी मिळाली. त्या चऱ्या म्हणजे राजाच्या मर्जीची सर्वांना दिसेल अशी खूण होती. आमच्या काँक्रीटच्या चऱ्या कशाची खूण सांगणार आहेत?

बर्नेल १२९२ मध्ये वारला, आणि पंधराव्या शतकात वाडा ओस पडला. पुढे त्याचा बराच भाग पाडला गेला आणि अठराव्या शतकात उरलेल्या भिंतींत धान्याचे कोठार झाले. म्हणजे वारसा जपण्याची बुद्धी इंग्रजांना जन्मजात होती असे नाही. आमच्या गढीची पांढरी माती गावाने माळवदांवर पसरायला खणून नेली आणि आजोबांनी कुणाला अडवले नाही, त्याहून हे फारसे वेगळे नव्हते. फरक पडला तो नंतर. जुन्या इमारती घासूनपुसून नव्या करण्याविरुद्ध लेखक-कलाकार विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी १८७७ मध्ये संस्था काढली, १८८२ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा आला. जुने पाडू नये, तसेच त्याचे सोंगही उभे करू नये, हे या देशाने भांडून शिकून घेतले. त्यामुळे अ‍ॅक्टन बर्नेलला आज छप्पर नाही, मजले नाहीत. भिंतीत तुळयांची रिकामी भोके दिसतात आणि दगडावरून हात फिरवला तर तांबडी रेव तळव्याला लागते. तिथल्या कुणालाही ते छप्पर परत घालावेसे वाटत नाही, आणि मला ते बरोबर वाटते.

हे सगळे मी गटावर सविस्तर लिहिले. उत्तर आले, "जो इथे राहत नाही त्याने शिकवू नये." त्यावर मला काही लिहिता आले नाही. ज्या पावसाळ्यात गढीची उत्तरेची भिंत कोसळली, त्या रात्री वडिलांचा फोन आला होता. डिसेंबरमध्ये येतो म्हणालो आणि गेलो नाही. नंतर वडीलही राहिले नाहीत. परक्या बिशपच्या वाड्यात मी बँक हॉलिडेला मुलांना घेऊन कितीदा गेलो असेन, पण आमच्या देवडीतला दिव्याचा कोनाडा त्यांनी पाहिलेला नाही. मुलीने एकदा त्या तांबड्या भिंतीपाशी उभे राहून विचारले, "बाबा, हे आपले आहे का?" मी नाही म्हणालो, आणि आपले कुठे आहे ते सांगायला लागलो तर गढीची भिंत किती उंच होती तेच आठवेना.

तरीही माझे मत बदललेले नाही. परवा भावाला लिहिले की माझी वर्गणी घे, पण ती बुरुजात घुसलेला पिंपळ मुळासकट काढायला, भेगांत चुना भरायला आणि पावसाचे पाणी तटापासून दूर वळवायला खर्च कर; दिवाळीला मी मुलांसह येतो, उभा राहून काम करून घेतो. त्याचे उत्तर दोन शब्दांचे आले: "आधी ये." तिकिटे काढली आहेत.