फुल बॉडी सिगार ओढताना चेहरा कसा ठेवावा

दुबईहून आलेल्या मेव्हण्याने गच्चीत तुमच्या हातात एक जाडजूड, काळपट, तेलकट सिगार ठेवली आहे आणि ‘भाऊजी, ही जरा फुल बॉडी आहे हं, चवीला भरदार’ म्हणून तो तुमच्या तोंडाकडे बघत बसला आहे. आता तासभर तुम्हाला दोन कामं आहेत: सिगार ओढायची आणि ओढता येते असं दाखवायचं. दुसऱ्या कामाकडे जास्त लक्ष द्या. पहिलं बिघडलं तर सिगार विझेल, दुसरं बिघडलं तर सासुरवाडीत गणपतीपर्यंत विषय पुरेल.

पेटवण्याआधी वास घ्यायचा असतो. सिगार नाकाखालून आडवी फिरवा, डोळे अर्धवट मिटा आणि ‘वा, गोठ्याचा वास!’ असं तृप्तीने म्हणा. जाणकार असंच म्हणतात. तंबाखूची पानं ढीग घालून आंबवतात, ढीग आतून तापतो, अमोनिया सुटतो. सिगारीत त्या सगळ्याची थोडी आठवण उरते. गावी जाताना हाच वास आला की तुम्ही गाडीची काच वर करता, हे इथे बोलायचं नाही.

मग कटरने टोपी उडवा. टोपी म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर चिकटवलेला पानाचा तुकडा. दोनेक मिलिमीटर पुरे. जोशात जास्त कापलीत तर वरचं पान उलगडायला लागतं आणि पुढचा सगळा वेळ थुंकी लावून ते चिकटवण्यात जातो. पेटवताना ज्योत टेकवू नका. जरा खाली धरून सिगार गोल फिरवत राहा. घाई अजिबात नको. जितका वेळ पेटवाल तितका वेळ ओढावी लागत नाही.

धूर आत घ्यायचा नसतो, तोंडात घोळवून सोडायचा. त्यामुळे नवख्याला वाटतं, आपण बचावलो. पण सिगारचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातल्या निकोटिनला फुप्फुसांपर्यंत जायची तसदी घ्यावी लागत नाही, ते तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात उतरतं. त्यात ही फुल बॉडी. म्हणजे सिगारच्या पोटात ‘लिहेरो’ भरपूर: झाडाच्या शेंड्याकडची, सगळ्यात जास्त ऊन खाल्लेली, जाड आणि कडक पानं. ती सावकाश जळतात म्हणून वळणारा कारागीर ती बरोबर मधोमध ठेवतो. पहिला एक तृतीयांश भाग संपेपर्यंत तुम्ही म्हणाल, यात काय एवढं?

अर्ध्यावर कपाळाला घाम येतो. तोंडाला पाणी सुटतं, पण भुकेचं नव्हे. उचकी लागते. गच्चीचा कठडा किंचित हलतो. पहिल्यांदाच तंबाखूचा बार लावून थुंकी गिळलेल्या माणसाची हीच गत होते. फक्त त्याला कुणी ‘कशी वाटली?’ असं विचारत नाही. तुम्हाला विचारणार. तेव्हा शरीर जे ओरडून सांगतंय ते तसंच बोलून टाकू नका, जरा कपडे घालून बाहेर आणा. घशात आग पडली तर ‘काळी मिरी’. जीभ बधिर झाली तर ‘चामडं, मागे थोडा कोको’. सुटलेलं पाणी म्हणजे ‘फिनिश (मागे रेंगाळणारी चव) क्रीमी आहे’. जमीन फिरायला लागली की म्हणा, ‘हं, आता उलगडतेय.’ आणि ‘गरगरतंय’ असं तोंडून निसटलंच, तर ‘म्हणजे स्ट्रेंग्थ म्हणतोय मी, बॉडी नाही’ अशी पुस्ती लगेच जोडा. जाणकार निकोटिनचा जोर वेगळा आणि चवीचा भरदारपणा वेगळा मानतात. भेद खराच आहे. तुमच्या पोटाला तो आत्ता करता येणार नाही, एवढंच.

अशा वेळी किस्से कामाला येतात, कारण किस्सा सांगताना सिगार हातात राहते. केनेडीचा किस्सा दीड मिनिट खातो: फेब्रुवारी १९६२ मध्ये क्यूबावर व्यापारबंदी घालण्याच्या आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांनी प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजरला हजारभर क्यूबन सिगार पैदा करायला सांगितलं. सकाळी तो म्हणाला, १,२०० मिळाल्या. मग साहेबांनी खणातून व्यापारबंदीचा कागद काढला आणि सही ठोकली. खुद्द सॅलिंजरनेच हे पुढे सांगितलंय. हवानाच्या कारखान्यांतला वाचक आणखी लांबवता येतो: कामगार सिगार वळत असतात आणि एक जण उंच खुर्चीवर बसून त्यांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो, १८६५पासूनची प्रथा. फिडेल कॅस्ट्रोला हाताशी ठेवा. कोहिबा ही क्यूबाची नामांकित सिगार आधी त्याच्यासाठी वळली जायची, आणि त्याने १९८५मध्ये सिगार सोडली. दुसरा भाग सांगताना आवाजात हेवा येऊ देऊ नका.

मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडचं नाव मात्र काढू नका. १९२३मध्ये त्याच्या तोंडात कॅन्सर सापडला, मग तीसहून जास्त शस्त्रक्रिया, जबड्याचा भाग काढून कृत्रिम बसवलेला, तरी १९३९मध्ये जाईपर्यंत सिगारची ओढ काही सुटली नाही. हे ऐकल्यावर ‘पण आपण धूर आत कुठे घेतो?’ हे वाक्य कुणालाच नीट म्हणता येत नाही, आणि मैफिलीत ते निदान चारदा म्हणावं लागतं.

राख झटकायची नाही. इंचभर लटकू द्यायची, म्हणजे सिगार नीट वळलेली आहे असं सिद्ध होतं. ती शेवटी शर्टावरच पडते. सिगारवरची नावाची कागदी पट्टी ठेवावी की काढावी यावर दोन पंथ आहेत. तुम्ही ठेवा, नाव बाहेरच्या बाजूला. पट्टी वाचता आली नाही तर चव ओळखणारे बरेच जण घोटाळतात.

उरले गुण. ते शंभरपैकी द्यायचे, पण पहिले ऐंशी सगळ्यांना फुकट असतात. ८५ म्हणजे नापास. ८८ दिलेत तर बायकोला माहेरून फोन येईल. ९० ला कुणी काही विचारत नाही. ९४ म्हणून मोकळं व्हायचा फार मोह होईल, कारण तोवर तुम्हाला बाथरूम गाठायचं असतं. आवरा. ९४ ऐकलं की मेव्हणा आत जातो आणि अख्खा डबा घेऊन येतो.